थांबा म्हणणारा दिवा

उणे चौतीस.
विनिपेग सरोवराच्या वरच्या टोकाला, बर्फाच्या काठावर
आमची जुनी शेव्हर्ले
किल्ली फिरवली की खाकरते, पांढरा धूर ओकते,
आणि गप्प.

मागे पेट्यांत अकराशे पौंड मासा,
दगडासारखा गोठलेला. त्याला घाई नाही.
घाई आम्हाला.
चार वाजता पॅकिंग शेडचं दार लागतं
आणि सोमवारपर्यंत उघडत नाही.

डॅशबोर्डवर नारिंगी वेटोळं पेटतं:
थांबा.
मी थांबतो. ते विझतं. म्हणजे तापलं, असं
मी तीन हिवाळे धरून चाललो होतो.
व्हर्ना मावशी म्हणाली, लायल,
तो दिवा नुसते सेकंद मोजतो.
खाली कोण तापलं, कोण नाही, त्याला काय ठाऊक?
काही माणसं नाही का
घड्याळ बघून सांत्वनाला येतात.

डिसेंबरात दोन्ही बॅटऱ्या बदलल्या,
मग स्टार्टर उतरवला, मग डिझेलचा फिल्टर.
रोग रेड्याला, औषध पखालीला,
आणि पखालीचं बिल सातशे डॉलर.

शेजारच्या खोपटातून विल्फ्रेड आला
ईथरचा डबा खुळखुळवत:
"एक फवारा, बस."
"तापल्या प्लगवर ईथर?" मावशी म्हणाली,
"आधी इंजिनाचं डोकं उडेल, मागोमाग तुझं."
डबा खिशात गेला. विल्फ्रेड गेला नाही,
टॉर्च धरून उभा राहिला.

आठ प्लग. आठांच्या तारा सोडवल्या.
हातमोजे घातले तर तार सापडत नाही,
काढले तर बोट सापडत नाही.
टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या अधिकावर,
टोक एकेका प्लगच्या माथ्याला.
पहिला: अंधार.
दुसरा: अंधार.
तिसऱ्याला इवलासा उजेड, विल्फ्रेड टाळी वाजवायला गेला
आणि टॉर्च बर्फात.
पुढे सगळा अंधारच. शेवटचा तेवढा जिवंत.
आठांत दोन. त्या दोघांच्या जिवावर
ही बाई अख्खा जानेवारी ओढत होती.

"सहा जण एकदम मरत नाहीत," मावशी म्हणाली,
"कुणीतरी मारलं."

किल्ली फिरव, म्हणाली. आणि टोपी वर सरकवून
कान रिलेपाशी नेला.
टक.
आम्ही वाट पाहिली. दिवा विझला. वाट पाहिली.
मी म्हटलं, वाजला की, चांगला आहे.
"एकदाच वाजला," ती म्हणाली.
"धरल्याचा आवाज आला. सोडल्याचा?"

रिले चिकटला होता. एकदा धरलं की सोडत नव्हता.
गाडी धावत असतानाही आतून तापवत राहायचा,
प्लग जळून जाईपर्यंत,
आणि रात्री उभ्या गाडीच्या बॅटऱ्या पिऊन टाकायचा.
आम्ही बॅटऱ्यांना शिव्या घालत होतो.

मेलेल्यांपैकी पाच सरळ निघाले.
सहावा आत फुगलेला.
ओढला असता तर टोक तुटून सिलिंडरमध्ये पडलं असतं.
तेलाचे चार थेंब, पाव आटा पुढे, पाव आटा मागे,
एक सिगारेट, पुन्हा पाव आटा.
मावशी त्याच्याशी क्री भाषेत बोलत होती,
काय ते मी सांगणार नाही.

डब्यात सुटे प्लग चारच निघाले.
रिलेच्या जागी भंगार फोर्डचा सोलेनॉइड,
आणि बंद पडलेल्या शाळेच्या घंटेचं बटण,
विल्फ्रेडनं कधीकाळी उगाच काढून ठेवलेलं.
बटण माझ्या मांडीवर, दोन तारांना लोंबत.

"दिव्याकडे बघू नकोस. तू मोज."
पेयक, नीसो, निस्तो, नेवो,
नियाननला वास आला, निकोत्वासिकला माझा अंगठा बधिर,
पुढे चुकलो, मावशीनं खिडकीतून आकडा पुरवला,
मितातहत.
सोड.

सोडलं.
बॉनेटखाली दुसरी टक ऐकू आली.

सहा सिलिंडर धडधडले, दोन रुसून बसले,
मग एक आला. मग, बऱ्याच वेळानं, शेवटचा,
पांढऱ्या धुरात खोकत.

चार वाजायला पन्नास मिनिटं.
विल्फ्रेड मध्ये बसला, ईथरचा डबा मांडीवर,
आणि वाटभर सांगत राहिला
की बटण त्याचं होतं.